विश्लेषण : इस्त्री थांबली, ‘मायनस एटी’चे काय? विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत वीजबचत का रखडते?

सोमवारी कपड्यांना इस्त्री करू नका, असे आवाहन देशातील शास्त्रज्ञांना २०२४ च्या मे महिन्यात करण्यात आले. ‘रिंकल्स अच्छे हैं’ या मोहिमेची चर्चा झाली, समाजमाध्यमांवर सुरकुतलेल्या शर्टांची छायाचित्रे फिरली, थट्टाही झाली. पण इस्त्री न केलेला शर्ट घालून संशोधक ज्या प्रयोगशाळेत शिरतो, तिथे एका कोपऱ्यात उणे ८० अंशांचा फ्रीझर वर्षानुवर्षे अखंड सुरू असतो. त्याचे वीजबिल त्या संशोधकाने कधी पाहिलेले नसते. संशोधन प्रयोगशाळांत सर्वाधिक वीज कुठे जाते, सवयी बदलून त्यातली किती वाचते आणि तरीही त्या का बदलत नाहीत, याचा हा आढावा.

इस्त्रीची मोहीम नेमकी काय होती?

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजेच सीएसआयआरच्या, देशभरात ३७ प्रयोगशाळा आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, नागपूरची ‘नीरी’ आणि गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या त्यातल्याच. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक चेतनसिंग सोलंकी यांच्या ‘एनर्जी स्वराज फाउंडेशन’च्या ऊर्जा साक्षरता उपक्रमाला साथ म्हणून सीएसआयआरने सोमवारचा हा संकल्प हाती घेतला. एका जोडी कपड्यांच्या इस्त्रीमुळे सुमारे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा मोहिमेमागचा हिशेब होता.

त्याच वेळी आणखी एक निर्णय जाहीर झाला होता, पण इस्त्रीच्या गमतीत तो मागे पडला. परिषदेच्या प्रयोगशाळांत वीजवापरासाठी कार्यपद्धती ठरवायची आणि वीजबिलात सुरुवातीला १० टक्के कपात साधायची, असे ते उद्दिष्ट होते. त्यासाठी जून ते ऑगस्ट २०२४ हा प्रायोगिक काळ ठरला होता. विद्यापीठांनी उचलण्यासारखा भाग खरे तर हा दुसरा आहे. का, ते पुढच्या आकडेमोडीवरून लक्षात येईल.

एका फ्रीझरला किती वीज लागते?

पेशी, रक्तद्रव, जनुकीय नमुने, जिवाणूंचे वाण असे सारे जपण्यासाठी जीवशास्त्राच्या जवळपास प्रत्येक विभागात अतिशीत फ्रीझर असतो. प्रयोगशाळेच्या बोलीत त्याला ‘मायनस एटी’ म्हणतात. जुन्या बनावटीचा असा फ्रीझर दिवसाला साधारण २० युनिट वीज घेतो. नवी, कार्यक्षम मॉडेल त्याच्या निम्म्यातही भागवतात. अगदी जुनी किंवा बर्फाने भरलेली त्याहून जास्त खातात.

दिवसाला २० म्हणजे महिन्याला ६०० युनिट. घरच्या वीजबिलावरचा आकडा एकदा पाहा. अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांचा महिन्याचा वापर याहून कमी असतो. एक युनिट वीज तयार होताना आपल्या देशात सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण बहुतांश वीज अजून कोळशावर चालते. म्हणजे एका फ्रीझरमुळे रोज १४ किलो. इस्त्रीच्या भाषेत सांगायचे तर रोज ७० जोडी कपडे. विभागात असे १० फ्रीझर असतील, तर रोज ७०० जोडी, तेही शनिवार-रविवार आणि दिवाळीची सुट्टी धरून.

खर्च इथेच संपत नाही. फ्रीझर आतली उष्णता खोलीत सोडतो आणि कॉम्प्रेसरला लागलेली वीजही शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. खोली वातानुकूलित असेल तर ही २० युनिटांची उष्णता बाहेर काढायला एसीला आणखी सहा-सात युनिट लागतात. खोली वातानुकूलित नसेल तर नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात कॉम्प्रेसरच धापा टाकू लागतो. दोन्हीकडून बिल वाढतेच.

उणे ८० ऐवजी उणे ७० केले तर?

जगभरातील हरित प्रयोगशाळा चळवळीचा हा सर्वांत साधा आणि सर्वांत वादाचा सल्ला आहे. फ्रीझरचे तापमान उणे ८० वरून उणे ७० वर आणले, तर वीजवापर साधारण ३० टक्क्यांनी घटतो. फ्रीझर जुना की नवा, खोली किती गरम, यावर हा आकडा थोडा खाली-वर होतो.

२० युनिटांवर ३० टक्के म्हणजे रोज सहा युनिट. १० रुपये युनिट धरले, तर एका फ्रीझरमागे वर्षाला सुमारे २२ हजार रुपये वाचतात. कार्बनच्या हिशेबात आठवड्याला सुमारे २९ किलो. सोमवारी इस्त्री न करणारे दीडशे जण मिळून आठवड्यात जेवढे वाचवतात, तेवढे एका फ्रीझरवरचे एक बटण वाचवते. त्यासाठी ना नवे यंत्र घ्यावे लागते, ना निविदा काढावी लागते.

मग नमुने खराब होणार नाहीत का? उणे ८० हा आकडा काही निसर्गनियम नाही. काही दशकांपूर्वी अनेक प्रयोगशाळा उणे ६५ ते उणे ७० अंशांवरच नमुने ठेवत. पुढे फ्रीझर अधिक थंड होऊ लागले आणि नवा आकडा रूढ झाला. करोनाकाळात फायझरची लस उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागते, हे वाक्य घरोघरी पाठ झाले होते. त्या लसीतला एमआरएनए हा रेणू नाजूक म्हणूनच ओळखला जातो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील हरित प्रयोगशाळा कार्यक्रमाने उणे ७० किंवा त्याहून कमी थंडीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या नमुन्यांची यादीच संशोधकांसाठी तयार केली आहे.

याचा अर्थ सरसकट सगळे फ्रीझर उणे ७० वर आणावेत, असा मात्र नाही. औषध चाचण्यांचे नमुने, ज्यांच्या करारातच तापमान लिहिलेले आहे असे नमुने, काही संवेदनशील विकरे यांच्याबाबत निर्णय त्या त्या संशोधकानेच घ्यायला हवा. पण डीएनए, जिवाणूंचे साठे आणि नेहमीची प्रथिने यांच्यासाठी हा प्रश्न निदान विचारला गेला पाहिजे.

फ्रीझरखेरीज वीज कुठे जाते?

सर्वांत जास्त वीज हवेवर खर्च होते. कार्यालयातला एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. रसायनांच्या प्रयोगशाळेत तसे करून चालत नाही. वाफा साचू नयेत म्हणून आतली हवा बाहेर फेकावी लागते आणि तेवढीच नवी हवा थंड करून आत घ्यावी लागते. त्यामुळेच प्रयोगशाळेची इमारत त्याच आकाराच्या कार्यालयापेक्षा कित्येक पट ऊर्जा घेते. हार्वर्ड विद्यापीठात प्रयोगशाळांनी व्यापलेली जागा सुमारे २० टक्के, पण ऊर्जावापर सुमारे ४४ टक्के आहे.

यातला मोठा वाटेकरी म्हणजे फ्यूम हूड, अर्थात समोर वर-खाली सरकणारी काच असलेले धुराडे. त्याच्या तोंडाशी हवेचा वेग साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद ठेवतात. दीड मीटर रुंदीच्या हूडची काच ४५ सेंटिमीटर उघडी असेल तर तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा बाहेर जाते. म्हणजे ५०० चौरस फुटांच्या सदनिकेतली सगळी हवा तासाला नऊ वेळा उपसण्यासारखे झाले. ही हवा आधी पैसे मोजून थंड केलेली असते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अंदाजानुसार असा एक हूड तिथल्या साडेतीन घरांइतकी ऊर्जा घेतो.

त्यानंतर येतात रात्रभर गरम राहणारे वॉटर बाथ आणि ओव्हन, एका बाटलीसाठी लावलेला ऑटोक्लेव्ह, काम संपल्यावरही पंखा आणि अतिनील दिवा चालू राहिलेले लॅमिनार फ्लो. पीसीआर यंत्र काम संपल्यावर सकाळपर्यंत चार अंशांवर ‘होल्ड’ला ठेवण्याची पद्धतही अशीच. सोय म्हणून ती रूढ झाली, पण एवढ्याशा नळ्या थंड ठेवायला ते यंत्र रात्रभर राबत असते.

काच खाली केली की वीज वाचतेच का?

नाही, आणि सवयींच्या मोहिमा इथेच फसतात. हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागाने २००५ मध्ये ‘शट द सॅश’ ही स्पर्धा सुरू केली. काम नसताना काच खाली ठेवणाऱ्या गटांना बक्षिसे दिली. या साध्या उपक्रमातून वर्षाला दोन लाख डॉलरहून अधिक बचत होते, असे विद्यापीठ सांगते. जगभरातील विद्यापीठांनी त्याची नक्कल केली.

पण तिथले हूड काच खाली येताच हवेचा प्रवाह आपोआप कमी करणारे होते. पंख्याचे गणित असे की हवा ८० टक्क्यांवर आणली, तर लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण वीज प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. छतावरचा पंखा एकाच वेगाने फिरणार असेल, तर मात्र काच वर असो वा खाली, हवा तेवढीच बाहेर जाते. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या जुन्या इमारतींत अशीच व्यवस्था आहे. तिथेही काच खाली ठेवावीच, कारण त्यात काम करणाऱ्याची सुरक्षा आहे. पण तिथे बिल कमी करायचे असेल तर काम संपल्यावर पंखा बंद व्हायला हवा किंवा मोटारीला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसायला हवा. भिंतीवर सूचना चिकटवून हे होत नाही. ते मेन्टेनन्स विभागाचे काम आहे, विद्यार्थ्याचे नाही. आणि ज्या हूडमध्ये ज्वलनशील किंवा विषारी रसायने ठेवलेली आहेत, तिथला पंखा बचतीसाठी बंद करणे हा निव्वळ धोका आहे.

मग सवयी बदलत का नाहीत?

पहिले कारण पैशांचे. अनुदान संशोधकाच्या नावावर येते, वीजबिल विद्यापीठाच्या नावावर. फ्रीझर घेताना किमतीचे कोटेशन तीन ठिकाणांहून मागवले जाते, पण तो पुढच्या १० वर्षांत किती वीज खाईल, हा रकाना तुलनेच्या तक्त्यात बहुधा नसतोच. स्वस्तातला फ्रीझर घेणारा एक आणि त्याचे बिल भरणारा दुसरा. संपूर्ण विद्यापीठाला एकच मीटर असेल, तर कोणत्या विभागाने किती वापरले हेही कळत नाही. बचत केली तरी त्यातला रुपयाही विभागाकडे येत नाही.

दुसरे कारण भीतीचे, आणि ही भीती खोटी नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये बिघडलेल्या फ्रीझरचा अलार्म वाजत होता. आवाज बंद कसा करायचा, याची सूचना दारावर चिकटवलेली होती. तरीही एका सफाई कर्मचाऱ्याकडून वीजपुरवठ्याचाच ब्रेकर बंद झाला. २० वर्षांहून अधिक काळाचे संशोधन त्यात गेले, असा दावा करत संस्थेने पुढे सफाई कंत्राटदारावर १० लाख डॉलरहून अधिक भरपाईसाठी खटला भरला. बचत झाली तर कुणी शाबासकी देत नाही, पण नमुने गेले तर पीएचडीची वर्षे जातात. असे असताना बटणाला हात कोण लावेल?

आपल्याकडे त्यात वीजपुरवठ्याची भर पडते. पावसाळ्यात फीडर पडतो, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो, डिझेल संपलेले असते. अशा वेळी उणे ८० वरचा फ्रीझर उणे ७० वरच्यापेक्षा थोडा जास्त वेळ तग धरतो. म्हणून ‘१० अंशांची ठेव असू दे’ असे संशोधक म्हणतात, तेव्हा ते हट्टाने बोलत नसतात. त्यांच्या मनातला हा हिशेब मोडायचा, तर आधी खात्रीचा बॅकअप आणि रात्री फोनवर इशारा देणारी यंत्रणा द्यावी लागेल.

तिसरे कारण मालकीचे. विद्यार्थी पाच-सहा वर्षांत बाहेर पडतात, त्यांचे डबे मागे राहतात. ‘हा बॉक्स कुणाचा?’ या प्रश्नाला उत्तर नसते, म्हणून टाकून द्यायची हिंमत होत नाही. फ्रीझर भरतो आणि नव्या फ्रीझरचा प्रस्ताव जातो. खरी गरज नमुन्यांच्या यादीची असते, खरेदी मात्र यंत्राची होते.

इतर देशांत कोणता मार्ग काढला?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१८ मध्ये ‘लीफ’ नावाची मूल्यमापन पद्धत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. प्रयोगशाळा ठरावीक गोष्टी करते की नाही ते पाहून तिला कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण दर्जा मिळतो. उपकरणे वेळेवर बंद होतात का, नमुन्यांची यादी आहे का, रसायने किती उरतात, अशा बाबी त्यात येतात. किती वीज आणि पैसे वाचले, याचा हिशेबही त्याच पद्धतीत करता येतो. ‘माय ग्रीन लॅब’ ही अमेरिकी संस्थाही असेच प्रमाणपत्र देते. फ्रीझरमधला बर्फ काढणे, जुने नमुने निकाली काढणे, तापमान बदलणे यांसाठी गुण देणारी आंतरराष्ट्रीय फ्रीझर स्पर्धा ती एका सहयोगी संस्थेसह भरवते.

खरा फरक मात्र निधी देणाऱ्यांनी पाडला. ब्रिटनमधील ‘वेलकम’ आणि ‘कॅन्सर रिसर्च यूके’ या मोठ्या निधीदात्या संस्थांनी अनुदानाच्या धोरणात अशा प्रमाणपत्राची अट आणली आहे. प्रमाणपत्र नसेल तर अनुदान अडेल, असे म्हटल्यावर फ्रीझरची यादी करायला सगळ्यांनाच वेळ मिळू लागतो.

भारतात कोणती साधने हाताशी आहेत?

‘नॅक’च्या आजवरच्या निकषांत ऊर्जाबचतीला आणि ऊर्जा लेखापरीक्षणाला गुण आहेत. पण त्या यादीत सौरऊर्जा, बायोगॅस, सेन्सर, एलईडी दिवे आणि ढोबळमानाने ‘कार्यक्षम उपकरणे’ यांचा उल्लेख आहे. फ्रीझर आणि फ्यूम हूड यांच्यासाठी वेगळा रकाना नाही. वर्गखोलीतला दिवा मोजला जातो, पण संशोधन विभागातले रात्रंदिवस चालणारे यंत्र त्या यादीत ठळकपणे येत नाही.

नियमाने सवय बदलते याचे देशी उदाहरणही समोर आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येईल, असा नियम ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोमार्फत लागू झाला. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगतो. नियम कुणालाही एसी १८ वर नेण्यापासून रोखत नाही. फक्त सुरुवातीचा आकडा बदलला. विद्यापीठाने नव्या फ्रीझरसाठी ‘सुरुवात उणे ७० वर, त्याहून कमी हवे असल्यास कारण नोंदवा’ असे परिपत्रक काढले, तर तोच मार्ग होईल.

उपकरणे वाटून घेण्यासाठी केंद्र सरकारचे ‘आय-स्टेम’ संकेतस्थळ २०२० पासून आहे. एका संस्थेतले महागडे यंत्र दुसऱ्या संस्थेतल्या संशोधकाला वापरता आले, तर दोन अर्धवट वापरली जाणारी यंत्रे चालू ठेवावी लागत नाहीत.

विभाग उद्यापासून काय करू शकतो?

प्रत्येक उपकरणावर रंगीत स्टिकर लावता येईल. हिरवा म्हणजे काम नसेल तर कुणीही बंद करा, पिवळा म्हणजे विचारून, लाल म्हणजे कधीच नाही. लाल स्टिकरवर जबाबदार व्यक्तीचा फोन क्रमांकही हवा. यामुळे विद्यार्थ्याला आणि सफाई कर्मचाऱ्यालाही कोणत्या बटणाला हात लावायचा आणि कोणत्या नाही, हे कळते.

वॉटर बाथ आणि ओव्हनला काही शे रुपयांचा टायमर पुरतो. लॅमिनार फ्लो वापरण्याआधी ठरावीक मिनिटे चालवावा आणि काम संपताच बंद करावा. ऑटोक्लेव्हसाठी आठवड्याचे वेळापत्रक करून भार एकत्र लावता येतो. फ्रीझरचा जाळीदार फिल्टर दर तीन महिन्यांनी झाडणे, मागे हवा खेळायला जागा सोडणे आणि वर्षातून एकदा बर्फ काढणे, ही कामे घरचा फ्रिज सांभाळणाऱ्या कुणालाही समजतील. शिवाय विभाग सोडणाऱ्या विद्यार्थ्याला ‘नो ड्यूज’वर सही देताना ग्रंथालयाच्या पुस्तकांप्रमाणे फ्रीझरमधल्या डब्यांचाही हिशेब मागता येईल.

त्याचबरोबर विद्यापीठाने आपल्या वाट्याचे काम करायला हवे. विभागवार मीटर बसवणे, खरेदीच्या तक्त्यात १० वर्षांच्या वीजखर्चाचा रकाना घालणे, फ्रीझरना खात्रीचा बॅकअप देणे आणि वाचलेल्या पैशांचा काही भाग त्याच विभागाला रसायनांसाठी परत देणे, हे चार निर्णय प्रशासनाच्या हातातले आहेत.

म्हणजे दोष कुणाचा?

रात्री साडेअकरा वाजता प्रयोग संपवून वसतिगृहाकडे निघालेल्या संशोधक विद्यार्थ्याला ‘दिवे मालवा’ अशी पाटी दाखवणे सोपे आहे. तो दिवे मालवतोही. पण त्या खोलीतली बहुतांश वीज ज्या यंत्रांत जाते, ती बंद करण्याचा अधिकार त्याला नाही, त्यांचे बिल त्याला दिसत नाही आणि चूक झाली तर नुकसान मात्र त्याचेच होणार आहे. सोमवारच्या सुरकुतलेल्या शर्टाने वीज या विषयाकडे लक्ष वेधले, हे खरे. आता ते लक्ष फ्रीझरच्या दारावरील आकड्याकडे आणि खरेदी समितीच्या टेबलाकडे वळायला हवे. सीएसआयआरने ठेवलेले १० टक्क्यांचे उद्दिष्ट एखाद्या विद्यापीठाने स्वीकारले, तर सुरुवात सोपी आहे. या महिन्यात आपल्याकडे एकूण किती ‘मायनस एटी’ आहेत, हे एकदा मोजून पाहावे.